खानदेशचं विद्यापीठ चालतं कसं? प्रवेशापासून पदवीपर्यंत

बारावीपर्यंत आपला सगळा व्यवहार शाळेशी असतो. दाखला शाळेतून, गुणपत्रिका शाळेतून, आणि काही अडलं तर मुख्याध्यापक समोरच बसलेले. कॉलेजात पाऊल टाकलं की मात्र चार वेगवेगळ्या दारांशी गाठ पडते. एक आपलं कॉलेज, दुसरं विद्यापीठ, तिसरा राज्याचा सीईटी कक्ष आणि चौथं शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल. कोणतं काम कोणत्या दाराशी करायचं हे वेळेवर न कळल्याने जळगाव-धुळ्याकडची हुशार मुलं वर्ष गमावून बसतात. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात असेल तर हे सांगणारंही कोणी नसतं. म्हणून हा सगळा रस्ता पहिल्या पायरीपासून समजून घेऊ.

आपल्या भागाचं विद्यापीठ म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव. ते १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालं. त्याआधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. पुणे विद्यापीठही निघालं नव्हतं तेव्हा ती मुंबई विद्यापीठाकडे होती. अमळनेरचं प्रताप कॉलेज आणि जळगावचं मूळजी जेठा कॉलेज ही स्वातंत्र्याआधीची कॉलेजं, त्यामुळे त्यांनी तिन्ही विद्यापीठं पाहिली. पुण्याचं विद्यापीठ असताना गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायची तरी रात्रभराचा प्रवास ठरलेला. विद्यापीठ जळगावात आलं ते ही पायपीट वाचावी म्हणूनही.

विद्यापीठाचं क्षेत्र म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. स्थापनेच्या वेळी नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचाच भाग होता. १ जुलै १९९८ ला तो वेगळा झाला. नाशिक आणि नगर पुण्याकडेच राहिले. असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाईंचं नाव विद्यापीठाला २०१८ साली मिळालं. शाळेची पायरी न चढलेल्या शेतकरी बाईचं नाव विद्यापीठाला असावं, याचा खानदेशी माणसाला वाटणारा अभिमान खरा आहे. जुन्या कागदांवर मात्र ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ एवढंच दिसेल. ते वेगळं विद्यापीठ नव्हे. २०१८ पूर्वीची पदवी नाव बदलल्यामुळे बाद होत नाही.

आता पहिली गोष्ट नीट लक्षात घ्यावी. विद्यापीठ म्हणजे फक्त बांभोरीजवळ, गिरणाकाठी पसरलेला ६५० एकरांचा परिसर नव्हे. पदवीचे बहुतेक विद्यार्थी तिथे कधी वर्गात बसतच नाहीत. ते शिकतात चोपड्याला, शिरपूरला, शहाद्याला, फैजपूरला, आपापल्या तालुक्याच्या कॉलेजात. अशा कॉलेजाला संलग्न कॉलेज म्हणतात, म्हणजे विद्यापीठाला जोडलेलं. शिकवणं कॉलेजाचं. अभ्यासक्रम, मुख्य परीक्षा, निकाल आणि पदवी विद्यापीठाची.

याला एक अपवाद आहे, स्वायत्त कॉलेजं. मूळजी जेठा आणि प्रताप ही त्यांतली ठळक नावं. ती आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवतात, परीक्षा स्वतः घेतात, निकालही स्वतः लावतात. पदवी प्रमाणपत्र तेवढं विद्यापीठाच्या नावाने मिळतं. इथे गोंधळ ठरलेला असतो. स्वायत्त कॉलेजातला विद्यार्थी निकालातली चूक घेऊन विद्यापीठात जातो आणि दिवस मोडून हात हलवत परत येतो, कारण त्याचं परीक्षा विभागाचं कार्यालय त्याच्याच कॉलेजात असतं. प्रवेश घेतानाच विचारून ठेवावं: हे कॉलेज संलग्न आहे की स्वायत्त?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. खानदेशात असलेलं प्रत्येक कॉलेज या विद्यापीठाचं नसतं. जळगाव आणि धुळ्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत; नर्सिंग, आयुर्वेद, होमिओपॅथीच्या पदव्याही तिथल्याच. धुळ्याचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. पॉलिटेक्निकची पदविका राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची. घरी राहून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. अभियांत्रिकीत तर एकाच गावातली दोन कॉलेजं दोन विद्यापीठांची असू शकतात, कारण काही कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेली आहेत. जाहिरातीच्या फलकावर कॉलेजाचं नाव हातभर मोठं आणि विद्यापीठाचं नाव कोपऱ्यात असतं. तो कोपरा आपण आधी वाचावा.

विद्यापीठातलं सगळं शिक्षण चार विद्याशाखांत वाटलेलं आहे. विद्याशाखा म्हणजे विषयांचा मोठा गट. ही विभागणी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्यानेच करून दिली आहे: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. बी.एस्सी., अभियांत्रिकी, फार्मसी पहिल्या शाखेत. बी.कॉम., बीबीए, एमबीए दुसरीत. भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, विधी तिसरीत. बी.एड., शारीरिक शिक्षण, समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता चौथीत. प्रत्येक विषयाचं एक अभ्यास मंडळ असतं आणि कोणत्या सत्रात काय शिकवायचं ते तिथे ठरतं. अभ्यासक्रमाची प्रत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती आधी उतरवून घ्यावी आणि गाइड विकत घ्यायचं की नाही ते मग ठरवावं.

कोणत्या अभ्यासक्रमाला प्रवेश कुठून, हा पुढचा टप्पा. साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला कॉलेजातच अर्ज करायचा असतो आणि बारावीच्या गुणांवर यादी लागते. अभियांत्रिकी, फार्मसी, विधी, बी.एड., एमबीए, एमसीए यांना राज्याच्या सीईटी कक्षाची सामायिक प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर कॅप, म्हणजे एकाच ठिकाणाहून होणारी ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया. कॉलेज कितीही ओळखीचं असलं तरी त्या फेऱ्या चुकल्या की कॉलेजवाल्यांच्या हातात फारसं काही उरत नाही. २०२४ पासून बीबीए आणि बीसीए हे अभ्यासक्रमही सीईटीत आले. बारावीनंतर थेट कॉलेजात जाऊन बीसीए घेऊ, असं समजून बसलेल्या मुलांना हा बदल उशिरा कळला. सीईटीचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आधीच, हिवाळ्यात सुटू लागतात. घरात बारावीचं मूल असेल तर डिसेंबरपासूनच तिकडे लक्ष ठेवावं.

प्रवेशाच्या वेळी कागद लागतात ते बहुतेकांना ठाऊक असतात: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागा हवी असेल तर जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. त्यासाठी पडताळणी समितीकडे जावं लागतं आणि वेळ लागतो, म्हणून अर्ज अकरावीतच टाकावा. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ही समिती वेगळी असते.

पण खरी अडचण कागद नसण्याची कमी आणि कागदांवरचं नाव न जुळण्याची जास्त असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘पाटील’ आधी, आधारवर शेवटी. एका ठिकाणी वडिलांचं नाव ‘भाऊराव’, दुसरीकडे नुसतं ‘भाऊ’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे. प्रवेशाच्या खिडकीवर हे चालून जातं. तीन वर्षांनी पदवी प्रमाणपत्रावर, नाहीतर नोकरीच्या कागद तपासणीत ते उभं राहतं. कॉलेज आणि विद्यापीठ दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरतात. म्हणून आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावं, आणि तेही प्रवेशाच्या आधी.

प्रवेश झाला, फी भरली, पावती मिळाली, म्हणजे सगळं झालं असं वाटतं. तसं नसतं. यानंतर येते पात्रता. कॉलेजाने दिलेला प्रवेश नियमात बसतो का, हे विद्यापीठ तपासतं आणि विद्यार्थ्याला आपल्या नोंदीत घेतं. त्यातून मिळतो कायम नोंदणी क्रमांक, ज्याला सगळे पीआरएन म्हणतात. पुढची प्रत्येक परीक्षा, प्रत्येक गुणपत्रिका आणि पदवीही याच क्रमांकावर बसते.

महाराष्ट्र मंडळातून बारावी झालेल्यांचं हे काम बहुधा कॉलेजच उरकतं. अडतात ते बाहेरून आलेले. सीबीएसईचे विद्यार्थी, बऱ्हाणपूर-सेंधव्याकडून येणारी मध्य प्रदेश मंडळाची मुलं, नंदुरबारच्या सीमेवरून येणारी गुजरातची मुलं. त्यांना आधीच्या मंडळाचं स्थलांतर प्रमाणपत्र द्यावं लागतं. मायग्रेशन म्हणतात ते हेच. मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही. हे कागद राहिले की पात्रता लटकते, आणि ते कळतं थेट परीक्षेच्या अर्जाच्या वेळी किंवा निकाल राखून ठेवल्यावर. दिवाळीच्या सुटीआधी कॉलेजच्या कार्यालयात एकदा जाऊन विचारावं, ‘माझी पात्रता झाली का, पीआरएन पडला का?’ एवढ्या एका फेरीने पुढचे खेटे वाचतात.

आता क्रेडिट. हा शब्द ऐकून पालक गांगरतात, पण हिशेब सोपा आहे. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झालं. त्यात शिकण्याचं माप क्रेडिटमध्ये धरतात. सत्रभरात साधारण १५ तास वर्गात शिकलं की एक क्रेडिट, प्रयोगशाळेत ३० तास काम केलं की एक क्रेडिट. एका सत्रात २० ते २२ क्रेडिट होतात. डेअरीच्या कार्डावर रोजचं दूध मांडलं जातं तशी ही क्रेडिट आपल्या नावावर साठत जातात. ती ज्या राष्ट्रीय खात्यात साठतात त्याला शैक्षणिक क्रेडिट बँक म्हणतात आणि त्याचा क्रमांक डिजिलॉकरवरून काढता येतो. हा क्रमांक विद्यार्थ्याने स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच काढावा. सायबर कॅफेतून घाईत काढलेल्या खात्यात दुसऱ्याचा मोबाइल नंबर अडकून बसल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

साठलेल्या क्रेडिटचा उपयोग असा. एका वर्षानंतर थांबायची वेळ आली तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स पदवी. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडताना चार जादा क्रेडिटचं कौशल्याचं काम करावं लागतं. पुन्हा यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि सगळं पुरं करायचं सात वर्षांच्या आत. लग्न झालं, वडील आजारी पडले, शेतावर माणूस कमी पडलं, म्हणून आपल्याकडे मुली-मुलं कॉलेज सोडतात. आजवर त्यांचं शिकलेलं वाया जायचं. ते आता कागदोपत्री तरी टिकतं, म्हणून मला ही तरतूद मोलाची वाटते. मात्र नुसतं येणं बंद करून काही मिळत नाही. बाहेर पडण्याचा रीतसर अर्ज करावा लागतो.

समजा, यावलची एक मुलगी फैजपूरला बी.एस्सी.ला आहे आणि रसायनशास्त्र तिचा मुख्य विषय आहे. त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतला एखादा विषय, भाषा, कौशल्याचा विषय आणि भारतीय ज्ञानप्रणाली असे विषय तिच्या वेळापत्रकात येतात. मुली-मुलं मुख्य विषयाचा अभ्यास मनापासून करतात आणि दोन क्रेडिटचे हे छोटे विषय ‘बघू नंतर’ म्हणून सोडून देतात. नापास होण्याची जागा नेमकी तिथेच असते. छोट्या विषयाची क्रेडिट राहिली तरी पदवी अडते. शिवाय दुय्यम विषय निवडताना मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नये. दुय्यम विषयात पुढे पदव्युत्तर शिक्षणाची वाट उघडी राहू शकते.

भाषेबद्दलही सांगायला हवं. घरात अहिराणी, तावडी नाहीतर लेवा बोली, शाळेत मराठी, आणि विज्ञान शाखेत एकदम सगळं इंग्रजीत. पहिल्या सत्रात विषय राहतात ते बहुतेक यामुळे. बुद्धी कमी म्हणून नव्हे. पहिले दोन महिने प्रत्येक धड्यातले वीस-पंचवीस पारिभाषिक शब्द मराठी अर्थासह वहीत लिहून काढले तर बरीच वाट मोकळी होते. कला शाखेत मराठीतून उत्तरपत्रिका लिहिता येते.

शिष्यवृत्तीचं दार वेगळं आहे. ती विद्यापीठ देत नाही, कॉलेजही देत नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा आणि तो दरवर्षी नव्याने करायचा. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलीला लांब शिकवायचं परवडत नाही म्हणणाऱ्या घरांनी ही एक गोष्ट तरी जरूर तपासावी. हॉस्टेल आणि जेवणाचा खर्च त्यात नाही, तो वेगळा धरावा.

पैसे अडतात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा आधार जोडलेलं असतं एका खात्याला आणि विद्यार्थी वाट बघत असतो दुसऱ्याच खात्यावर. बँकेत जाऊन ‘सरकारी पैसे कोणत्या खात्यात येतील?’ असं थेट विचारावं. दुसरी जागा म्हणजे कॉलेजचं लॉगिन. विद्यार्थ्याने भरलेला अर्ज आधी कॉलेजातल्या लिपिकाच्या यादीत जातो, त्याने तपासून पुढे पाठवल्याशिवाय तो समाजकल्याण किंवा आदिवासी विभागाकडे पोचतच नाही. कधी त्रुटी काढून अर्ज परत आलेला असतो आणि मेसेज गेलेला असतो कॅफेवाल्याच्या नंबरवर. दर पंधरा दिवसांनी स्वतः लॉगिन करून अर्ज कुठे आहे ते पाहावं.

परीक्षेचा अर्ज प्रत्येक सत्राला वेगळा भरावा लागतो, आणि तो कॉलेजमार्फतच. तारीख गेली की विलंब शुल्क, त्याचीही मुदत गेली की सत्र गेलं. मागचे विषय राहिले असतील तर त्यांचे अर्ज वेगळे भरायला विसरू नये. हॉलतिकीट हाती पडल्यावर फोटो नव्हे, आधी विषयांचे कोड पाहावे. चुकीचा कोड आला असेल तर परीक्षेआधी दुरुस्ती सोपी, नंतर फार अवघड. काही गुण लेखी परीक्षेचे आणि काही वर्षभरातल्या चाचण्या-प्रकल्पांचे असतात. हे अंतर्गत गुण कॉलेज विद्यापीठाला कळवतं. लेखीला उत्तम गुण असूनही निकाल राखीव दिसला, तर पहिली शंका अंतर्गत गुण न पोचल्याची घ्यावी आणि आधी आपल्या विभागातल्या प्राध्यापकांकडे जावं.

गुण कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि पुनर्मूल्यांकनही करून घेता येतं. दोन्हीला निकालानंतरची मुदत थोडी असते. आधी छायाप्रत घ्यावी, विषयाच्या शिक्षकांना दाखवावी आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरावे. अभ्यासक्रम बदलला की जुन्या अभ्यासक्रमाचे राहिलेले विषय देण्याच्या संधी मोजक्याच असतात. दोन विषय राहिलेत, देऊ कधीतरी, असं म्हणत नोकरीला लागलेल्यांची पदवी इथेच कायमची राहते. तक्रार ऐकली जात नसेल तर कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिच्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

पदवीनंतर पुण्याचं तिकीट काढण्याआधी जळगावचा परिसर एकदा आपण स्वतः जाऊन पाहावा, हे मी आग्रहाने सांगेन. इथे पदव्युत्तर विभाग आहेत, त्यांना प्रशाळा म्हणतात: रसायन, भौतिक, जीवशास्त्र, गणित, संगणक, पर्यावरण, भाषा, सामाजिक शास्त्रं, व्यवस्थापन. रसायनशास्त्राच्या प्रशाळेत पॉलिमर आणि कीटकनाशके-कृषिरसायने असे विषय शिकवले गेले आहेत. ज्या जिल्ह्यात केळी-कापसावर फवारणी होते आणि ठिबकच्या नळ्या नि पीव्हीसी पाइप तयार होतात, तिथे हे विषय असणं अगदी योग्य आहे. रासायनिक तंत्रज्ञानाची वेगळी संस्था याच परिसरात आहे, तिथे बी.टेक.ला सीईटीतून प्रवेश मिळतो. मुलामुलींची वसतिगृहं, मोठं ग्रंथालय आणि ‘कमवा व शिका’ योजना आहे, म्हणजे परिसरात काही तास काम करून खर्चाला हातभार लावता येतो. पदव्युत्तर प्रवेशाची सूचना विद्यापीठ स्वतः काढतं. ती शेवटच्या सत्राच्या निकालाची वाट पाहत थांबत नाही, तेव्हा निकाल हाती नसला तरी अर्ज भरून ठेवावा.

तीन वर्षांची पदवी असेल तर एम.ए., एम.एस्सी. दोन वर्षांचं. चार वर्षांची ऑनर्स केली असेल तर ते एका वर्षात होऊ शकतं. चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घ्यायचा तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, हे पहिल्याच वर्षी माहीत असलेलं बरं.

शेवटचा टप्पा पदवी प्रमाणपत्राचा. शेवटच्या सत्राची गुणपत्रिका म्हणजे पदवी नव्हे. दीक्षान्त समारंभाच्या आधी विद्यापीठ अर्ज मागवतं. शुल्क भरून तो अर्ज करावाच लागतो, आपोआप घरी काही येत नाही. दरम्यान नोकरीसाठी लागलंच तर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र मागता येतं. दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर दोन वेगळे कागद लागतात: कॉलेज सोडल्याचा दाखला कॉलेजकडून आणि स्थलांतर प्रमाणपत्र विद्यापीठाकडून. परदेशी जायचं असेल तर सर्व सत्रांच्या गुणांचा एकत्रित, मोहोरबंद उतारा, ज्याला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात. सरासरी ग्रेडचे टक्के कसे काढायचे याचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं निराळं असतं. नोकरीच्या अर्जात टक्के लिहिताना दुसऱ्या विद्यापीठाचं सूत्र वापरू नये, आपल्याच विद्यापीठाच्या नियमातलं घ्यावं. आणि पदवीच्या अर्जात मराठी व इंग्रजी दोन्ही लिपींत नाव टाइप केल्यावर ते दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर-अक्षर लावून पाहावं, मगच पैसे भरण्याचं बटण दाबावं.